घरच्यांचा गुरुवार

बाजारामागच्या गल्लीत कुणी नवं राहायला आलं आणि चांगला शिंपी कुठला म्हणून विचारू लागलं, की लोक एकच दुकान दाखवत. "मास्तरांकडे टाका. माणूस बोलायला खडूस आहे, पण शब्दाचा पक्का." आणि ते खरंच होतं. मास्तरांनी गुरुवार सांगितला की गुरुवारी कपडा इस्त्री होऊन, कागदात बांधून, दोऱ्याची गाठ मारून फळीवर हजर. गिऱ्हाईक बुधवारी आलं तर मास्तर चष्म्यावरून बघत आणि "आज काय वार आहे?" एवढंच विचारत. शुक्रवारी आलं तर त्याहून वाईट, कारण मग पुडकं हातात देताना ते एक शब्दही बोलत नसत.

हा झाला बाहेरच्यांचा गुरुवार. घरच्यांचा निराळा होता. मास्तरांची बायको म्हणायची, "बाहेरच्यांचा गुरुवार आठवड्यातून एकदा येतो. आमचा कुठे अडकून पडतो देव जाणे." तिच्यासाठी एक गडद निळं कापड मास्तरांनी लग्नानंतर लवकरच बेतून ठेवलं होतं. समोरचे भाग, पाठ, बाह्या सगळं कापून, खडूच्या खुणा करून, गुंडाळून वरच्या फळीवर. मधूनमधून ती विचारायची, "काय हो, माझ्या ड्रेसचं?" मास्तर म्हणायचे, "गुरुवारी." आणि दोघंही हसायची. खुणा पुसट झाल्या, तिचं माप बदललं, गुंडाळी फळीवरच राहिली.

लोकांचं असतं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मास्तरांचं नेमकं उलटं होतं. सख्ख्या भावाची विजार चांगली सहा महिने पडून राहायची आणि कोण कुठला फिरता विक्रेता आपला शर्ट ठरल्या वेळी घेऊन जायचा. कुणी टोकलंच तर मास्तरांकडे उत्तर तयार असे. "परक्याला थांबवू नये, त्याला वाईट वाटतं. आणि घरच्याला झटपट वाटेला लावू नये, त्याला त्याहून वाईट वाटतं." हे त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. त्यातला पहिला अर्धा भाग हा धंदा होता आणि दुसरा अर्धा म्हणजे आळसाला घातलेलं अस्तर, असं शेजारच्या इस्त्रीवाल्या बाई म्हणायच्या. त्या मास्तरांपेक्षा वयानं मोठ्या, जिभेनं त्याहून मोठ्या, आणि त्यांच्या दुकानाची भिंत मास्तरांच्या दुकानाला लागून होती. त्यामुळे त्यांना काही ऐकू आलं नाही असं कधी होत नसे.

पण शास्त्र अगदीच खोटं नव्हतं, आणि ते कुणाला पटलं असेल तर मास्तरांच्या लेकीला. एकुलती एक. शाळा सुटली की ती दप्तर घेऊन थेट दुकानात यायची आणि मशीनशेजारच्या लाकडी स्टुलावर बसायची. गिऱ्हाइकांसाठी समोर एक गादीची खुर्ची होती. स्टूल घरच्यांसाठी होतं. "थांब जरा, एवढी बाही लावतो आणि निघू," मास्तर म्हणायचे. एक बाही झाली की दुसरी. दुसरी झाली की कॉलर. तोवर कच्चा टाका कापडाला न दुखावता कसा उसवायचा, हे ते तिला दाखवायचे. कुठल्या साहेबांचा एक खांदा उतरलेला आहे, कोण पोट आत ओढून माप देतो आणि मग कोट आवळतो म्हणून भांडायला येतो, हे नकला करून सांगायचे. गिऱ्हाइकासमोर तोंडाला टाका घातल्यासारखा बसणारा हा माणूस स्टुलावर लेक असली की मशीनच्या तालावर गाणीसुद्धा म्हणायचा, तीही बेसूर. पोर थांबायची, आणि थांबायची म्हणूनच तिला बाप मिळायचा. नाहीतर घरी येऊन जेवून झोपणारा माणूस तो, त्याचं काय मिळणार?

शाळेच्या पहिल्या दिवशी तर तिच्या गणवेशाची खालची दुमड घालायचीच राहिली होती. सगळ्या गल्लीचे गणवेश वेळेवर गेले, हिचाच राहिला. मास्तर सुई-दोरा घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथे उकिडवे बसून तिच्या अंगावरच त्यांनी टाके घातले. दुसरी एखादी रडली असती. ही सगळ्यांना सांगत सुटली, "माझे बाबा शेवटचा टाका शाळेत येऊन घालतात."

असं सगळं चाललं होतं, आणि असंच चालत राहील असं मास्तरांना वाटत होतं. थांबणारं माणूस थांबेल हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं, की थांबणं नेहमी त्याच्या हातात नसतं हे त्यांना कधी सुचलंच नाही.

बायको आजारी पडली तेव्हा लेक नोकरीला लागलेली होती, लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. दवाखान्यात तीच जास्त असायची. मास्तर दुकान बंद करून संध्याकाळी जायचे, पलंगाशी बसायचे, उद्या येतो म्हणून उठायचे. एक दिवस दुपारीच लेकीचा फोन आला. "बाबा, आई म्हणतेय आज लवकर या."

"आलोच. काजं तेवढी राहिलीत," मास्तर म्हणाले.

समोर एका नवरदेवाचा सूट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न, आणि संध्याकाळपर्यंत देतो असा शब्द दिलेला. बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मास्तर, उठा. काजं मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते." मास्तरांनी मान वर केली नाही. "नवरदेव थांबणार नाही. ती थांबेल. ती काय परकी आहे?"

काजं झाली, बटणं लागली, सूट बांधून त्यांनी स्वतः नवरदेवाच्या घरी पोहोचवला. तिथून रिक्षा करून ते दवाखान्यात गेले. लेक बाहेरच्या बाकावर एकटी बसली होती, हात मांडीवर ठेवून. आतल्या रिकाम्या पलंगावरची चादर नर्स ओढून नीट करत होती. मास्तर उभेच राहिले. लेकीनं त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सूट झाला का?"

"झाला," मास्तर म्हणाले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, निदान मान तरी खाली घालता येते. ती भांडली नाही, येणं-जाणंही तोडलं नाही. उलट ती वक्तशीर झाली. दर रविवारी आधी फोन करायची, "बाबा, अकराला येऊ का?" आणि अकराला दारात. येताना फळं. गादीच्या खुर्चीत बसायची, पर्स मांडीवर. स्टुलाकडे तिनं त्यानंतर कधी पाय वळवले नाहीत. औषधं घेता ना, जेवण होतं ना, काही हवंय का. मास्तर चहा करायचे, ती कप धुऊन ठेवायची, आणि एक तास व्हायच्या आत उठायची. "निघते. तुमचा वेळ नको घ्यायला."

तुमचा वेळ नको घ्यायला. ज्या पोरीनं आयुष्यात त्यांचा वेळच तेवढा घेतला होता, तिच्या तोंडी हे. मास्तरांना दुसरी कुठली भाषा एवढी नीट कळत नसेल, कारण ही त्यांचीच होती. सांगितलेल्या वेळी हजर, नेमकं बोलणं, पुडकं हातात आणि नमस्कार. ते गिऱ्हाइकाला असंच वागवत आले होते. आता रविवारी तासभर त्यांच्याशी कुणीतरी तसं वागत होतं, आणि चूक काढायला कुठे जागा नव्हती.

"तुमची लेक अगदी मीटर बघायला आल्यासारखी येते हो," बाई एकदा म्हणाल्या.

"कामाची माणसं आहेत ती," मास्तर म्हणाले आणि मशीनला तेल घालायला लागले.

त्यांना एकदाच तिला सांगायचं होतं, की त्या दिवशी मी उठायला हवं होतं. वाक्य लहान होतं. पण असली वाक्यं गादीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगता येत नाहीत. त्यासाठी आधी उगाच इकडचं तिकडचं बोलावं लागतं, गप्प बसावं लागतं, मशीन चालू ठेवून खाली बघत बघत मध्येच बोलून टाकावं लागतं. एवढा मोकळा वेळ रविवारच्या त्या तासात नव्हता. बरीच वर्षं अशी गेली.

मग एका सोमवारी, फोन न करता, लेक दुकानात आली. हातात राखाडी रंगाचं जाड लोकरी कापड. जावयाला दूरच्या शहरात काम मिळालं होतं, थंडीचं शहर, आणि दोघं तिकडे कायमची निघाली होती. हे सगळं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. मास्तरांनी ऐकलं. हातातला खडू त्यांनी खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"कोट शिवाल?" तिनं विचारलं.

तयार कोटांची दुकानं तिच्या वाटेवर पावलागणिक होती. मग माझ्याकडे का, हे मास्तरांनी विचारलं नाही. टेप घेऊन ते माप घ्यायला लागले. खांदा, छाती, बाही.  बाहीचं माप घेताना त्यांनी तिचा कोपर धरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्याच्या त्या दिवसानंतर आपण हिला हात लावलेला नाही.

"कधी मिळेल?"

"गुरुवारी," मास्तर म्हणाले. जिभेवर तोच वार होता.

"म्हणजे कुठल्या गुरुवारी?" लेक म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. हुबेहूब आईसारखा. "या गुरुवारी मी मोकळी आहे. शुक्रवारी पहाटे आमची गाडी आहे."

ती गेली. मास्तर कापडावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. कुठल्या गुरुवारी. हे हसून म्हटलेलं होतं हे त्यांनी बघितलं होतं, पण ऐकताना त्यांना त्यात फक्त टोमणा ऐकू आला. अपराधी माणसाचे कान असेच असतात, त्याला शिवीच ऐकायची असते. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. एकदा, आयुष्यात एकदा तरी, घरच्या माणसाला दिलेला वार पाळायचा. बाकी जग गेलं खड्ड्यात.

फळीवर वकीलसाहेबांचा काळा कोट अर्धा शिवलेला होता, बुधवारचा वायदा. मास्तरांनी तो काढून स्टुलावर टाकला आणि राखाडी कापड पसरलं. बेतताना कात्री चालवण्याआधी ते दोनदा थांबले. हात धुऊन आले. पुढच्या भागांना आतून बक्रमचं कडक कापड लावलं, मशीननं नाही, हातानं. कॉलर बसेना म्हणून उसवली, पुन्हा लावली, पुन्हा उसवली. अस्तराला त्यांनी निळं सॅटिन घेतलं, त्या वरच्या गुंडाळीच्या रंगाचं. खिशाला आतून एक छोटा चोरखिसा केला, तिला लहानपणी प्रत्येक फ्रॉकला हवा असायचा तसा. जेवायचं भान नव्हतं. असं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि करताना एकही गाणं म्हटलं नाही.

बाईंनी दारातून डोकावून बघितलं. "ट्रायलला कधी बोलावलंय पोरीला?"

"बोलावलं नाही. तिला कशाला हेलपाटे? निघायची घाई आहे तिची."

"कोट आणि ट्रायलशिवाय?"

"लेकीचं माप चुकलं तर दुकान बंद करीन," मास्तर म्हणाले. त्यांना या गोष्टीचा अभिमानच वाटत होता.

बुधवारी वकीलसाहेब आले. नेहमीप्रमाणे पुडकं घ्यायला हात पुढे केला.

"झाला नाही," मास्तर म्हणाले.

वकीलसाहेबांना वाटलं आपण चुकीच्या दुकानात शिरलो. "झाला नाही म्हणजे? मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"घरचं काम होतं."

"मग माझं?"

"होईल. गुरुवार सोडून केव्हाही या."

वकीलसाहेब तोंडाला येईल ते बोलून गेले. इतक्या वर्षांत कुणी मास्तरांना असं बोललं नव्हतं. मास्तर खाली मान घालून ऐकत होते आणि मनातून त्यांना बरं वाटत होतं. ज्या दिवशी हे ऐकायला हवं होतं त्या दिवशी ऐकलं नव्हतं, ते आज ऐकून घेतलं. संध्याकाळच्या आत लेकीचा कोट झाला. काजं त्यांनी हातानं केली होती, एकेक काज भरीव आणि सारखं. बटणं इतकी पक्की की ओढली असती तर कापड आलं असतं.

गुरुवारी सकाळी ते दुकान झाडून, मधला दिवा पुसून बसले होते. अकराला येईल असा त्यांचा अंदाज. शटर अजून अर्धंच वर होतं, तोच खालून दोन पाय दिसले. लेक होती. नऊसुद्धा वाजले नव्हते. पायात साध्या चपला, अंगात घरातला कुडता, केस कसेतरी वर बांधलेले. पर्स नव्हती, एक कापडी पिशवी होती. निघायच्या आदल्या दिवशी माणसाची धांदल असते, तसं असेल, असं मास्तरांना वाटलं.

त्यांनी शटर वर केलं. लेक आत आली ती सरळ मशीनकडे गेली आणि स्टुलाशी थबकली. स्टुलावर वकीलसाहेबांच्या कोटाचे भाग होते. मास्तर लगबगीनं पुढे झाले. त्यांनी गादीची खुर्ची ओढली, फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "इथे बस. बस ना."

तिनं एकदा स्टुलाकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे. मग ती खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

मास्तरांनी फळीवरचं पुडकं काढून तिच्यासमोर ठेवलं. कागद ताणून बसवलेला, दोऱ्याची गाठ मधोमध.

"झाला?" लेकीनं विचारलं.

"झाला. कालच झाला."

"कालच?"

"घालून बघ."

तिनं गाठ सोडायला वेळ लावला. कोट अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. खांदे जणू तिच्यासोबत जन्मले असावेत असे बसले होते. मास्तर मागून, पुढून, बाजूनं बघत होते. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, म्हणून ते कॉलरवरचा नसलेला दोरा झटकत राहिले.

"बाही जरा लांब नाही वाटत?" ती म्हणाली.

मास्तरांनी तिचा हात सरळ केला, मनगट बघितलं. "छे. सूतभरसुद्धा नाही."

"आणि पाठीत? इथे?"

"पाठ तर अशी क्वचित बसते. फिर बरं." ती फिरली. "एक टाका हलवायला नको."

लेक आरशातून त्यांच्याकडे बघत होती. तिनं खिशात हात घातला, आतला चोरखिसा तिच्या बोटांना लागला, आणि ती काहीतरी बोलणार होती. मास्तरांना आपल्या हातून एवढं मोठं काम झालंय या आनंदात तेही दिसलं नाही. त्यांनी कित्येक रात्री जे वाक्य मनात घोळवलं होतं ते बाजूला राहिलं आणि दुसरंच वाक्य तोंडातून आलं. त्यांना वाटलं, आपण तिला याहून मोठं काही देऊच शकत नाही.

"चल, तुला कामं असतील. बांधाबांध असेल. मी नाही तुला अडवून ठेवत आता."

लेकीनं चोरखिशातून हात काढला. मग तिनं कोट काढला, घडी घातली, मास्तरांनी पुन्हा कागदात बांधला.

"हो," ती म्हणाली. "कामं आहेत."

दारापर्यंत जाऊन ती वळली. "येते बाबा."

"ये. सांभाळून."

मास्तर गल्लीच्या वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग ताठ होऊन आत आले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं त्यांना वाटत होतं. वकीलसाहेबांचा कोट त्यांनी स्टुलावरून उचलला आणि मशीन सुरू करता करता, सवयीप्रमाणे कुणी न विचारता, भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा बाई, घरच्यांचा गुरुवारसुद्धा येतो म्हटलं."

 बाई स्वतःच दारात आल्या. हातात एक डबा होता.

"पोरगी कुठे गेली?"

"गेली. कोट घेऊन."

"गेली? एवढ्यात?" बाईंनी डबा खाली ठेवला नाही. "अहो, तुमचं शटर उघडायच्या आधी माझ्याकडे आली होती ती. हा डबा ठेवून गेली. म्हणाली, मावशी, दुपारी इस्त्रीच्या शेगडीवर गरम करून द्याल का, दोघांचा आहे. आज दिवसभर बाबांकडेच बसणार आहे म्हणाली. सामान काल संध्याकाळपर्यंत आवरून टाकलं, म्हणाली. सुट्टी घेतलीय. कोट काही झालेला नसणार, रात्रीपर्यंत बाह्याच लावत बसतील, असंही म्हणाली."

मास्तरांचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच राहिला.

"हसत होती हो," बाई म्हणाल्या. त्यांनी डबा मशीनच्या कडेला ठेवला.

मास्तर उठले. चप्पल पायात नीट घातली नव्हती तरी गल्लीतून पळत सुटले. या वयात पळणारा शिंपी बघून दोन-तीन दुकानदार बाहेर आले. वळण, मग बाजार, मग बसथांबा. थांब्यावर एक म्हातारा आणि एक गाठोडं होतं. बस आत्ताच गेली, म्हाताऱ्यानं हातानं दाखवलं.

त्यांनी थांब्याच्या बाकावर बसून फोन लावला. धाप लागलेली होती. लेकीनं फोन लगेच उचलला. मागे बसचा आवाज येत होता.

काय बोलायचं? डबा राहिला म्हणावं तर ती म्हणेल, खा तुम्ही. त्या दिवशी मी उठायला हवं होतं, हे बसच्या गोंगाटात फोनवर ओरडून सांगायचं? मास्तर जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. लेकीशी बोलले.

"अगं, ऐक. कोटाचं एक बटण कच्चं राहिलंय बहुतेक. शेवटचं. पुढच्या थांब्यावर उतर आणि परत ये. पाच मिनिटांचं..." ते थांबले. "वेळ लागेल जरा. पण ये."



"नाही बाबा," लेक म्हणाली. "सगळी पक्की आहेत. बसमध्ये बसल्या बसल्या पुडकं सोडलं आणि एकेक ओढून बघितलं मी. बटणं बघितली, काजं बघितली, अस्तर उलटून बघितलं."

मास्तरांनी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"काहीतरी राहिलं असेल म्हणून बघत होते," ती म्हणाली. "काहीच बाकी ठेवलं नाहीत तुम्ही."

कुणीतरी तिला तिकीट विचारलं. ती त्याच्याशी बोलली आणि मग फोन ठेवला.